अळणी पाहुणे

पाहुणे उठून जाईपर्यंत तोंड उघडायचं नाही, एवढं एकच काम रुखमाबाईनं लेकीला सांगितलं होतं. घटका-दोन घटकांचं काम. पाहुणे येतील, घरापुढच्या सपरीत बसतील, गुळाचा चहा पितील, चार गोष्टी विचारतील आणि दिवस मावळायच्या आत डोंग्यात बसून अंधारी नदीपलीकडे आपल्या गावाला जातील. तेवढा वेळ वच्छलानं पदर सावरून, मान खाली घालून बसायचं.

"काऊन पण?" वच्छलानं विचारलं, तशी मागच्या गोठ्यातली गाय दचकून उठली.

"याच्याचसाठी," रुखमाबाई म्हणाली.

पोरीचा त्यात काही दोष नव्हता. बाप गेला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती. तेव्हापासून धान पोटरीला आला की माचावर बसून पोपट हाकलायचे, डुकरं हाकलायची, हे तिचंच काम. माचावरून हाक मारायची ती धानाच्या तीन बांध्या ओलांडून जंगलाच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. पोचता पोचता आवाज तसाच होऊन बसला. घरात मीठ मागितलं तरी टोल्यावरच्या वस्तीला ऐकू जायचं. आधी दोन ठिकाणचे पाहुणे येऊन गेले. पहिल्यांना तिनं "चहा घ्या" म्हटलं, तर म्हाताऱ्याच्या हातातली बशी सांडली. दुसरे काही बोलले नाहीत, पण वेशीबाहेर गेल्यावर एकजण म्हणाला, "बायको आनाची का दवंडीवाला?" ते रुखमाबाईच्या कानावर आलंच. त्या रात्री ती जेवली नाही.

आता हे तिसरे. ही सोयरीक जुळावी असं रुखमाबाईला फार वाटत होतं. आणि जुळली तर तीन बांध्यांच्या या शेतात आपण एकटीच राहू, हेही तिला वाटत होतं. पण ते दुसरं वाटणं तिनं कांबळ्यासारखं घडी करून आत ठेवून दिलं होतं. मालगुजारी, गावची जमीनदारी, जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, गावात नवं काय काय होत होतं, पण पोरीचं लग्न करायची रीत काही बदलली नव्हती.

पाहुणे दोघं आले. पुढं मुलाचा मामा लटारू, उंच, वाळका, खांद्यावर छत्री आणि मिशीला तेल. मागं मुलगा बिरजू, रुंद खांद्याचा, पण आवाज असा की तो काही बोलला की मामा "काय मनते?" म्हणून त्याच्या तोंडाजवळ कान न्यायचा आणि मग स्वतःच मोठ्यानं सांगायचा.

रुखमाबाईनं चहाबरोबर तिखट-मीठ लावलेल्या पोह्यांची ताटली पुढं केली. लटारूनं बोट वर केलं.

"बाई वो, याच्यात मीठ आहे का?"

"आहे ना भाऊ. कमी-जास्त झालं का?"

"तसं नाई. आमच्या घरची रीत आहे. पोरगी पसंत होईस्तोवर तिच्या घरचं मीठ खाचं नाई. मीठ खाल्लं का बात पक्की. मंग मांगं सराचं नाई." मग लटारू सरसावून बसला. "आमच्या आज्यानं खाल्लं होतं एका घरी. खाऊन नाई मनला. त्याच साली कोजागिरीले असं वादळ आलं का त्याचे कापलेले साठ भारे नदीत गेले. साठ! मी सांगून राह्यलो, तसं वादळ मंग झालंच नाई."

लटारूला वादळांचा नाद होता. लोक देवाधर्माच्या गोष्टी सांगतात, तसा तो दसरा-दिवाळीच्या मधल्या वादळांच्या सांगायचा. दसऱ्यात बेलाएवढ्या गारा कोणत्या साली पडल्या, कोणत्या साली दिवाळीला पूर येऊन सांबर गावात आलं, सगळं त्याला पाठ. माणसांची वयंही तो त्यावरूनच काढायचा.

"पोरगी कोनत्या सालची?"

"गारांच्या साली झाली," रुखमाबाई म्हणाली. "दसरा झाला अन् दुसऱ्या दिवशी गारा पडल्या. घरावरचे कवेलू फुटून राह्यले होते अन् हे आली."

"अन् आमचा बिरजू झाडपडीचा. त्या साली हत्तीच्या नक्षत्रात हवा आली अन् अर्धं जंगल झोपलं. आता आधी गारा का आधी झाडपड?"

रुखमाबाईला आठवेना. आपल्या बाळंतपणात तिला कवेलू फुटल्याचं आठवत होतं, त्याच्या आधी काय पडलं नि मागून काय पडलं, ते कोणाच्या लक्षात राहतं? लटारूच्याही लक्षात येईना, आणि याची त्याला फार शरम वाटली. पोरगी मोठी निघाली तर सोयरीक होणार नाही, हे त्यानं सांगून टाकलं. मग तो बोटं मोजत बसला. बिरजू पायाच्या अंगठ्याकडे बघत बसला. वच्छला उंबऱ्याशी मान खाली घालून बसली. तिचं बसणं इतकं चांगलं जमलं होतं की रुखमाबाईच्या मनात आलं, आता ही सोयरीक जुळते.

तेवढ्यात उगवतीकडून वारा आला. चित्रा नक्षत्र लागून दोन दिवस झाले होते, आकाश परवापर्यंत धुतल्यासारखं होतं, आणि लवकर येणारा हलका धान कापून बांधीत पसरून ठेवला होता. उन्हात दोन-तीन दिवस वाळला की भारे बांधायचे. रुखमाबाई उठून अंगणात गेली. उगवतीकडचं आकाश काळं नव्हतं, तांबूस होतं, आणि पोपट माचावर न बसता सरळ जंगलात चालले होते.

"येऊन राह्यलं वाटते काहीतरी," ती म्हणाली.

"काई नाई येत," लटारू सपरीतून म्हणाला. "वादळ ओळखाले डोळा लागते. हे नुसती झिमझिम आहे."

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सपरीचे चार कवेलू उडाले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी झिंगू निरोप घेऊन आला. झिंगू पलीकडच्या टोल्यावरचा म्हातारा गोंड, बांबूच्या टोपल्या विणायचा. त्याचं शेत रुखमाबाईच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होतं. कमरेएवढ्या पाण्यातून आल्यामुळं त्याचं धोतर अंगाला चिकटलं होतं.

"डोंगा बांधून ठेवला," तो म्हणाला. "नदी वडाच्या पारावर आली. पावने आता चार-पाच रोज तुमचेच."

रुखमाबाईनं वच्छलाकडे बघितलं. वच्छलानं आईकडे बघितलं. घटका-दोन घटकांचं काम चार-पाच दिवसांचं झालं होतं.

पण त्या वेळी पोरीच्या तोंडापेक्षा धानाची काळजी मोठी होती. खालच्या बांधीत कापलेला धान पाण्यावर तरंगत होता. आज उचलला नाही तर उद्या लोंबीवरच कोंब फुटणार. रुखमाबाईनं पळसाच्या पानांचं इरलं डोक्यावर घेतलं, वच्छलानं पोत्याची खोळ केली आणि दोघी निघाल्या. मागं वळून बघितलं तर बिरजूनं सदरा काढून खुंटीला टांगला होता आणि तो त्यांच्यामागं चालत होता.

"पावन्यानं कायले?" रुखमाबाई म्हणाली.

बिरजू काहीतरी पुटपुटला. पावसात ऐकू आलं नाही. निघताना तो काय बोलला ते ऐकलेला लटारू सपरीतून ओरडला, "काम कराले मीठ लागत नाई, असं मनते तो!"

दिवसभर ते तिघं ओल्या धानाचे पुंजके उचलत राहिले. ओला भारा सुक्याच्या तिप्पट जड. मानेवरून पाणी कमरेत उतरायचं, पायाला चिखल धरून ठेवायचा, पोटरीला जळवा लागायच्या. वाऱ्यानं इरलं दोनदा उडवलं, तिसऱ्यांदा रुखमाबाईनं ते शोधायचंच सोडून दिलं. उंचावर झिंगूनं चार बांबू रोवून वर पानं घातली होती. तिथं भारे उभे करायचे, की खालून पाणी गळून जावं. वच्छला आणि बिरजू एकमेकांना हातवारे करून सांगत होते: हा धर, तो इकडे घे, तिथं खड्डा आहे. ती बोलत नव्हती म्हणून, आणि तो बोलला तरी ऐकू येत नव्हतं म्हणून. रुखमाबाईला हसू येत होतं, पण हसायला दम उरला नव्हता.

लटारू दुपारपर्यंत छत्री धरून सपरीतून सूचना देत होता. भारे असे नाही, तसे उभे करायचे. शेवटी त्यालाच ते बघवेना. छत्री मिटून, धोतर खोचून तो चिखलात उतरला, पहिल्याच पावलाला घसरून बसला आणि उठल्यावर मात्र तिघांच्या बरोबरीनं कामाला लागला.

"आमच्या आज्याच्या वेळेस याच्याहून जास्त पानी होतं," एवढं मात्र तो दर भाऱ्याला म्हणत होता.

झिंगूलाच त्यानं शेवटी विचारलं, आधी गारा का आधी झाडपड. झिंगू बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, "झाडपडीत आमचं मोठं मोहाचं झाड पडलं. गारा पडल्या तवा मी त्या पडल्या मोहाच्या बुडाखाली शिरलो होतो, मनून डोस्कं वाचलं. म्हंजे झाडपड आधी. एका सालानं."

"मंग पोरगा मोठा!" लटारू म्हणाला. रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या पडलेल्या मोहाला मनातल्या मनात हात जोडले.

रात्री, म्हणजे दिवेलागणीलाच, दोघा पाहुण्यांच्या ताटात अळणी भात आणि अळणी वरण वाढलं गेलं. अंग मोडेपर्यंत काम केलेल्या माणसाला अळणी वरण गिळताना बघणं सोपं नाही. लटारूनं पहिला घास घेतला आणि तोंडाचा चंबू केला.

"मीठ देऊ का भाऊ?" रुखमाबाईनं आशेनं विचारलं.

"नाई वो बाई. रीत म्हंजे रीत," लटारू म्हणाला आणि पाण्याच्या घोटाबरोबर भात खाली ढकलला.

जेवणं झाल्यावर रुखमाबाई चुलीपाशी होती. भिंतीपलीकडून लटारूचा आवाज आला. तो हळू बोलत होता, पण त्याचं हळू ते किती हळू असणार?

"अरे बिरजू, पोरगी मुकी आहे बाप्पा. दोन रोज झाले, एक सबद नाई. हातानं दाखवते सगळं. मले तं वाटते, फसवून राह्यले आपल्याले."

बिरजूनं काहीतरी उत्तर दिलं. कवेलूवर पाऊस वाजत होता. रुखमाबाईनं भिंतीला कान लावला तरी एक अक्षर कळलं नाही.

आता मोठीच पंचाईत झाली. पोरगी बोलली नाही तर मुकी ठरते, आणि बोलली तर मागच्यासारखंच होतं. रुखमाबाईनं वच्छलाला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "उद्या जरासं बोलजो वं. पन हळू. चिमनीवानी."

वच्छलानं बोट ओठांवर ठेवलं, सपरीकडे दाखवलं, मग दोन बोटं चालवून दाखवली. पाहुणे जातील तेव्हा. तूच सांगितलंस ना?

"मेले, तुले माह्याशीही बोलाले काय झालं?"

वच्छलानं पुन्हा बोट ओठांवर ठेवलं आणि पांघरूण घेऊन आडवी झाली. बापावरच गेली होती. सांगितलेलं काम ती असं करायची की सांगणाऱ्यालाच पश्चात्ताप व्हावा.

*

तिसऱ्या दिवशी वारा पडला, पण पाऊस वाढला. खालच्या बांधीत अजून पाच-सहा भाऱ्यांचा धान होता. बिरजू तो डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं येत होता. वच्छला उंचावर बांबूच्या मांडवाशी होती. रुखमाबाई आणि लटारू मधल्या बांधीत तरंगणाऱ्या लोंब्या टोपल्यात गोळा करत होते.

वरच्या अंगाला गावाची बोडी, म्हणजे लहानसं तळं, होतं. चार दिवसांपूर्वी तिच्यात गुडघाभर पाणी होतं. मालगुजारी गेल्यापासून तिच्या पाळीवर माती घालायची कोणी, यावर गावात सालोसाल नुसती बोलणीच होत होती. पाळ फुटली ती त्या दिवशी. फुटल्याचा आवाज रुखमाबाईला आला नाही. वच्छलाला वरून दिसलं. तांबडं पाणी झिंगूच्या बांधीतून आडवं येत होतं, आणि बिरजू डोक्यावर भारा घेऊन, मान खाली घालून, बरोबर त्याच्या वाटेवर चालला होता.

"बिरजूऽऽऽ! भारा फेक! चिचीवर चढ! चिचीवर, चिचीवर!"

तो आवाज दोन-अडीच दिवस कोंडलेला होता. रुखमाबाईच्या हातातलं टोपलं पडलं. टोल्यावरची कुत्री भुंकू लागली. बिरजूनं भारा टाकला, मान वर न करताच शेजारच्या चिंचेला मिठी मारली आणि सरसर वर गेला. पुढच्याच क्षणी पाणी आलं. धुरा गेला, भारा गेला, झिंगूची नवी टोपली गेली. चिंच हलली, पण उभी राहिली. बिरजू फांदीवर बसून खाली बघत होता. तो धडधाकट आहे हे दिसल्यावर रुखमाबाई होती तिथंच चिखलात बसली.

पाणी उतरल्यावर बिरजू खाली आला. सगळे मांडवाशी जमले. मग लटारूनं मिशीवरचं पाणी पुसलं.

"पोरगी तं बोलते!"

"हो भाऊ," रुखमाबाई म्हणाली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बोलते. तुमी आयकलंच."

"बोलते ते बोलते," लटारू म्हणाला, "पन नाव घेतलं वो पोराचं! उघडं नाव! उद्या नवरा झाला तं?"

"मंग काय मनाले पायजे होतं?" वच्छला म्हणाली. आता तिच्या तोंडाचीही पाळ फुटली होती. "अवो पावने, अवो, तुमच्या अंगावर पानी येऊन राह्यलं, जराशे बाजूले व्हा? तवरी पावने नदीत गेले असते! अन् काल तुमी भारे उभे केले ते सगळे उलटे केले, लोंब्या खालतं, बुडं वर. मी रात्री उठून सरके केले. अन् वरनात मीठ नाई तं निदान लिंबू तं पिळा, असं तोंड कराचं का घासाघासाले? पाहून पाहून माहं पोट भरलं!"

झिंगू तीन बांध्यांपलीकडून धावत आला होता. "पाळ फुटली काय?" त्यानं विचारलं. "मले वाटलं, वाघ आला."

संध्याकाळी जेवताना लटारूनं खाली मान घालून लिंबू मागितलं.

*

चौथ्या दिवशी पाऊस बारीक झाला. रुखमाबाईनं मांडवातला एक भारा सोडला, लोंबी हातावर चोळली. दाण्याच्या टोकाला पांढरा ठिपका आला होता. अजून एक दिवस, आणि कोंब.

"गेला," ती म्हणाली. "सालभराचं खानं गेलं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिनं पुसलंही नाही, सगळं अंगच ओलं होतं.

"काऊन जाईन?" लटारू म्हणाला. "पोहे करू. पोह्यांसाठी धान भिजवाच लागते ना? आमच्या आज्यानं त्या साली वाचलेल्या धानाचं तेच केलं. सालभर घरात भात नव्हता, पन पोहे होते."

पहिल्यांदाच आज्याचं काही कामाला आलं. अख्खं घर कामाला लागलं. ओला धान पाट्यावर आपटून झोडायचा, मोठ्या हंड्यात गरम पाण्यात टाकायचा, निथळायचा, मग मडक्याच्या बुडात वाळू तापवून त्यात भाजायचा आणि दाणा फुटायला लागला की गरम असतानाच उखळात टाकून कांडायचा. थंड झाला की कणी होते. म्हणून कोणालाही थांबता येत नव्हतं. सरपण ओलं, धूर इतका की घरात माणूस दिसत नव्हता, नुसतं खोकणं ऐकू येत होतं. एका उखळावर वच्छला आणि बिरजू समोरासमोर, एकाचं मुसळ वर तर दुसऱ्याचं खाली. आता ती मोकळी बोलत होती. पोपटांचं सांगत होती, डुकरांचं सांगत होती. तो अधूनमधून काहीतरी पुटपुटायचा आणि ती मोठ्यानं हसायची. त्याचं बोलणं तिला कसं ऐकू येत होतं, देव जाणे.

संध्याकाळी सपरीत पोह्यांची रास पडली. सगळ्यांच्या तळहातांना फोड आले होते. रुखमाबाईनं गरम पोह्यांत गूळ चुरून ते लटारूला दिले. तो खात खात बाहेर बघत होता. जंगलाच्या कडेला वाऱ्यानं पडलेली झाडं मोजत होता. बराच वेळ मोजून झाल्यावर म्हणाला, "बरोबरीचं आहे."

"काय भाऊ?"

"हे वादळ. आमच्या आज्याच्या वादळाच्या बरोबरीचं आहे. जास्त नाई. पन बरोबरीचं." असं कबूल करायला त्याला चार दिवस लागले होते.

*

पाचव्या दिवशी ऊन पडलं. असं ऊन की धुरे वाफाळू लागले. घराच्या आढ्यापासून गाईच्या दाव्यापर्यंत जे म्हणून ओलं होतं ते रुखमाबाईनं बाहेर घातलं. झिंगू सांगून गेला की नदी पारावरून उतरली, दुपारी डोंगा सुटणार.

लटारूनं छत्री खांद्याला लावली. रुखमाबाईनं दोघांच्या वाटेसाठी पोहे फडक्यात बांधले, अळणीच. ते बांधताना तिच्या हाताला गाठ येईना. पाच दिवस एका चुलीभोवती काढले, एका चिखलात उतरले, आणि माणूस अजून अळणीच चाललाय. आता हेही परत जातील आणि वेशीबाहेर काय म्हणतील, ते आठ दिवसांनी कानावर येईल.

"बाई," लटारू घसा खाकरून म्हणाला, "पोरगी कामाची आहे. गुनाची आहे. पोराहून लहानही आहे. सगळं बराबर. पन आमची बहीन, म्हंजे बिरजूची माय, जरा नाजूक आहे. आवाजाचं तिले सांगाले लागन. इचारतो, अन् दिवाळी झाल्यावर निरोप देतो."

रुखमाबाई समजली. निरोप देतो म्हणणाऱ्यांचे निरोप येत नसतात. तिनं पदर तोंडाला लावला आणि नुसती मान हलवली. वच्छला गोठ्याच्या दाराशी उभी होती, तिचाही चेहरा उतरला होता.

तेवढ्यात बिरजू काहीतरी म्हणाला.

"काय मनते?" लटारूनं सवयीनं कान पुढं नेला. बिरजू पुन्हा म्हणाला. लटारूचा चेहरा असा झाला की रुखमाबाई घाबरली.

"काय झालं भाऊ?"

"मोठ्यानं सांग ना!" वच्छला दारातून म्हणाली.

बिरजू लाल झाला. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि पाच दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला.

"मामा, मी मीठ खाल्लं."

"कवा?"

"तिसऱ्या रोजी. सकाळी. वावरात जाच्या आधी."

"कोनी देल्लं?"

सगळे वच्छलाकडे बघू लागले. तीन बांध्यांपलीकडे हाक पोचवणारी पोरगी पायाच्या नखानं जमीन उकरू लागली.

"मी चिमटी करून दाखवली," बिरजू म्हणाला. "तिले वाटलं, पायाले जळू लागली, त्याच्यासाठी पायजे. तिनं पायाकडे बोट दाखवलं. मी नाई मनलं. तोंडाकडे दाखवलं. मंग ते आत गेली अन्..."

"अन् आनून देल्लं," वच्छला म्हणाली. आता तिचा आवाज खरंच चिमणीएवढा होता. "मुठीत. मले माहीत होतं ना रीत. मामांनी पहिल्याच दिवशी सांगतली होती."

रुखमाबाई हिशेब लावत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी. पाळ फुटली दुपारी. वच्छला ओरडली दुपारी. म्हणजे सकाळी...

"बाबा," ती बिरजूला म्हणाली, "तवा तं तुले वाटत होतं का ते मुकी आहे."

"हो."

"अन् तरी खाल्लं?"

बिरजूला या प्रश्नात विचारण्यासारखं काय आहे तेच कळेना. "हो," तो म्हणाला. "मामाले आदल्याच दिवशी सांगतलं होतं, मुकी असली तं असो. हे मामाच आयकत नाई."

आवाजासाठी दोन घरांनी टाकलेली तिची लेक, तिला या पोरानं आवाज नाही असं धरून मागितली होती. रुखमाबाई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. एकटीनं राहायचं जे वाटणं तिनं आत घडी करून ठेवलं होतं, तेही त्यातच वर आलं. बिरजूला ते कसं कळलं कोण जाणे, तो म्हणाला, "भारी धान दिवाळीनंतर कापाले येईन ना? मी येतो. नदी काई लगित दूर नाई." आणि हे तो असं म्हणाला की रुखमाबाईला पहिल्याच खेपेत ऐकू आलं.

लटारू मात्र वेगळ्याच हिशेबात होता. बोटांवर दिवस मोजत होता.

"तिसरा, चौथा, आज पाचवा," तो म्हणाला. "म्हंजे परवाच बात पक्की झाली. अन् मी? मी बैलावानी अळनी खाऊन राह्यलो! लिंबू चोखून राह्यलो!" त्यानं छत्री भिंतीला टेकवली, धोतर सावरलं आणि सपरीत मांडी घालून बसला. "बाई, डोंगा गेला तं जाऊ द्या. ताट आना. अन् मीठ आना."

रुखमाबाई धावत आत गेली. पोहे ताटात काढले, तिखट टाकलं, कांदा चिरला आणि मिठाच्या मडक्यात हात घातला तर आत मीठच नव्हतं. पाच दिवसांच्या दमट हवेत सगळं पाझरून मडक्याच्या बुडाला खारं पाणी साचलं होतं. तिनं क्षणभर त्याकडे बघितलं, मग मडकंच उचलून बाहेर आणलं आणि लटारूच्या ताटात कलतं केलं. पाणीच ते, जास्तच पडलं.

लटारूनं घास घेतला. त्याचे डोळे पाण्यानं भरले.

"कसं झालं भाऊ?" तिनं भीत भीत विचारलं.

"लगित खारट," लटारू म्हणाला आणि ताट पुन्हा पुढं केलं.